इंग्रजीत ‘सर्वात’ कुठे बसतो?

मराठीत ‘उंच’च्या आधी ‘सर्वात’ लावलं की झालं, ‘उंच’ जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत हा ‘सर्वात’ एकतर विशेषणाच्या शेवटी ‘ईएसटी’ होऊन चिकटतो, नाहीतर आधी ‘मोस्ट’ म्हणून येतो. दोन्ही एकदम कधीच नाही. म्हणून ‘मोस्ट टॉलेस्ट’ चूक.

कुठलं लावायचं, हे उच्चारावरून ठरतं. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा. जबडा जितक्यांदा खाली येईल, तितके सिलॅबल. ‘स्ट्रेंज’च्या स्पेलिंगमध्ये सात अक्षरं आहेत, पण जबडा एकदाच हलतो, म्हणून ‘स्ट्रेंजेस्ट’. तीन किंवा जास्त सिलॅबल असले की ‘मोस्ट’: ‘द मोस्ट एक्स्पेन्सिव्ह’. दोन सिलॅबलवाल्यांकडे जरा नीट बघावं लागतं. शेवटी वाय असेल तर त्याचा आय करून ‘ईएसटी’ लावा: ‘ईझी’चं ‘ईझिएस्ट’. ‘सिंपल’ आणि ‘नॅरो’लाही ‘ईएसटी’च चालतो. ‘फेमस’, ‘केअरफुल’, ‘बोअरिंग’ यांना मात्र ‘मोस्ट’.

स्पेलिंग चुकतं ते ‘बिग’, ‘हॉट’सारख्या छोट्या शब्दांत. शेवटी एकच स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल तर ते व्यंजन दोनदा लिहायचं, म्हणून ‘बिगेस्ट’मध्ये दोन जी. ‘क्लीन’मध्ये स्वर दोन आहेत, तिथे एन एकच. ‘गुड’चं ‘बेस्ट’, ‘बॅड’चं ‘वर्स्ट’ आणि ‘लिटल’चं ‘लीस्ट’ ही रूपं पाठच करा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त सुटतो तो ‘द’, कारण मराठीत त्याच्या जोडीचा शब्दच नाही. ‘शी इज द टॉलेस्ट गर्ल’ असंच म्हणा. आधी ‘माय’, ‘हिज’ असेल तर मात्र ‘द’ जातो: ‘माय बेस्ट फ्रेंड’. पुढे जागा किंवा वर्ग आला तर ‘इन’, मोजकी माणसं आली तर ‘ऑफ’: ‘इन द क्लास’, ‘ऑफ द थ्री’.

‘वन ऑफ द बिगेस्ट’ म्हटल्यावर पुढचं नाम अनेकवचनीच हवं: ‘सिटीज’. शंका आली तर मनात ‘शहरांपैकी एक’ म्हणून बघा, अनेकवचन आपोआप सापडेल. क्रियापद मात्र त्या ‘एक’चं, म्हणून ‘इज’.

परीक्षेत डिग्री, म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप, बदलायला सांगतात तेव्हा ‘अदर’ विसरू नका. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’चं होतं ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’. ‘अदर’ गाळलात तर 1646 मीटरचं हे शिखर स्वतःपेक्षाच उंच ठरतं, कारण तेही महाराष्ट्रातलंच आहे.