शोषखड्ड्यासाठी जमीन तपासताना या चुका टाळा

घर बांधताना सेप्टिक टाकीची लांबी-रुंदी सगळे काटेकोर मोजतात. टाकीतलं पाणी ज्या जमिनीत मुरायचं, तिची तपासणी मात्र दोन बादल्यांत उरकते. खड्डा खणला, पाणी ओतलं, भराभर मुरलं, की जमीन पास! पुढे ऐन पावसाळ्यात संडासाचं पाणी उतरेनासं झालं की बोल टाकीला लागतो. टाकीत मैला नुसता तळाला बसतो आणि थोडाफार कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू तसेच असतात. ते संपवण्याचं काम टाकीबाहेरची, हवा खेळणारी माती करते.

कोरड्या खड्ड्यात मोजणी

सुकलेली माती सुरुवातीला वाट्टेल तेवढं पाणी पिते. काळ्या मातीचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात भेगांतून बादलीभर पाणी गडप होतं आणि तीच माती भिजून फुगली की थेंब घेत नाही. म्हणून चाचणीचा खड्डा रात्रभर भिजत ठेवायचा. तो 10 ते 30 सेंटीमीटर रुंद आणि शोषचर (टाकीतलं पाणी मुरवायला खणलेला लांबट चर) जितका खोल जाणार तितकाच खोल हवा. वरच्या भुसभुशीत थरात घेतलेली मोजणी कुचकामी. बाजू खरवडून घ्या, तळाला 5 सेंटीमीटर बारीक खडी टाका. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर 15 सेंटीमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला उतार मोजा आणि पुन्हा तेवढंच भरा. उतार स्थिरावल्यावरचा आकडा खरा, पहिला नव्हे. प्लॉटवर एकाच जागी मोजून थांबू नका, दहा पावलांवर मुरमाची चिकणमाती झालेली असते.

लवकर मुरलं म्हणजे उत्तम, हा समज

2.5 सेंटीमीटर पाणी उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडावा. पण एका मिनिटाच्या आत उतरलं तरी काळजीचंच. जाड वाळूतून किंवा फुटक्या कातळातून पाणी न गाळताच विहिरीकडे जातं, आणि हा धोका घरात बसून कळतही नाही. शिवाय चाचणी स्वच्छ पाण्याची असते. सांडपाणी सुरू झाल्यावर मातीच्या तोंडाशी काळपट, बुळबुळीत थर धरतो आणि मुरण्याचा वेग बराच घटतो. तेव्हा आकडा जेमतेम बसत असेल, तर तो नापासच धरा.

मातीचा रंग न पाहणं

माझ्या मते पाझर चाचणीइतकंच महत्त्व याला द्यायला हवं. चराच्या तळापेक्षा मीटरभर खोल खड्डा घेऊन उभी भिंत नीट बघा. तांबूस किंवा पिवळसर माती एकसारखी दिसली तर तिथे हवा पोचते. राखाडी मातीत गंजासारखे ठिपके दिसले, की वर्षातला काही काळ पाणी तिथवर चढतं असं समजा, मग भर उन्हाळ्यात खड्डा ठणठणीत कोरडा का असेना. चराचा तळ आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी किंवा कातळ यांत 60 ते 120 सेंटीमीटर माती लागते. नेमकं अंतर स्थानिक नियमात बघा.

चांगली जागा बांधकामात नासवणं

निवडलेल्या जागेवरून डंपर फिरले, की माती दाबली जाते आणि आधीची चाचणी फुकट जाते. जागेला आधीच दोरी बांधा. ओली चिकणमाती जेसीबीने खणू नका. बकेटच्या घासण्याने भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. झाल्याच, तर खरवडून काढा.

आता तुंबतंच आहे? आधी टाकीतला गाळ बघा. उपसा वेळेवर झाला नसेल, तर मैला शोषखड्ड्यात जाऊन माती बुजते. फक्त पावसाळ्यात तुंबत असेल, तर पाण्याची पातळी वर येते आहे. तिथे खड्डा आणखी खोल करणं म्हणजे मैलापाणी थेट भूजलात सोडणं. अशा जागी जमिनीवर योग्य मातीचा उंचवटा करून त्यात पाणी मुरवतात. त्याचा आराखडा मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावा.