वायफाय चालू आहे तोवर करून ठेवायची तयारी

वायफाय बंद पडल्यावर त्यावरचा उपाय शोधायलाही नेटच लागतं. म्हणून ही तयारी सगळं सुरळीत असताना करायची, ऑनलाइन परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी नव्हे. विंडोज ११ चा लॅपटॉप आणि घरातलं फायबर कनेक्शन धरून लिहितो आहे.

सगळ्यांत आधी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला वायफाय कार्ड चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये पाहा. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम असं नाव असलेली वायरलेस कार्डाची ओळ दिसेल, ती जशीच्या तशी लिहून घ्या. मग लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच साइटवर आपलं नेमकं मॉडेल शोधून वायफायचा ड्रायव्हर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज नव्याने टाकल्यावर वायफायचं चिन्हच गायब झालं, असं अनेकांच्या बाबतीत होतं, आणि तेव्हा ही एक फाइल अख्खा दिवस वाचवते. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र लॅपटॉपमध्ये घेऊ नका.

नेटची दुसरी वाटही तयार हवी. फोनचा हॉटस्पॉट पुरेसा वाटतो, पण लॅपटॉपचं वायफाय कार्डच बंद असेल तर त्याला हॉटस्पॉट दिसणार कसा? अशा वेळी यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं, कामी येतं. अँड्रॉइड फोन केबलने जोडून सेटिंगमध्ये ते चालू करायचं. आयफोन असेल तर ॲपलचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आधीच टाकून ठेवा. एकदा करून बघाच, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. राउटर आणि लॅपटॉप थेट जोडणारी लॅनची केबलही घरात असू द्या. पातळ लॅपटॉपला तिचं भोक नसतं, त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो.

राउटरकडे वळू. नेट छान चालू असताना त्याच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे कोणता दिवा वेगळा दिसतोय ते कळेल. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. वायर कुठे दुमडली आहे का तेवढं बघा आणि तक्रार नोंदवा. लॅपटॉपशी झटापट करून काही होणार नाही. खालच्या स्टिकरचाही फोटो घ्या. सुई घालून दाबायच्या रीसेट बटणाला मात्र हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करणं वेगळं आणि ते बटण दाबणं वेगळं. त्या बटणाने नेट कंपनीने भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत अख्ख्या घराचं नेट जातं. ही माहिती कंपनीकडून आधीच मागून वहीत लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष नेट गेल्यावर काय बघायचं. त्याच वायफायवर फोन चालतो का, हे पहिलं. ते तपासताना फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप त्यावर चालत राहतो आणि वायफाय ठीक असल्याचं आपल्याला वाटतं. फोनही चालत नसेल तर दोष बहुधा राउटरचा किंवा लाइनचा. फोन चालतो आणि लॅपटॉपच नाही, तर एअरप्लेन मोड बघा, घड्याळातली तारीखही बघा. तारीख चुकली की वायफाय जोडलेलं असूनही साइट उघडत नाहीत. नेटवर्कच्या माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. नेटवर्कचं नाव यादीतच नसेल तर राउटरच्या जवळ जाऊन बघा. वायफाय मुख्यतः ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतींपलीकडे लवकर मरतो, आणि जुन्या लॅपटॉपांना तो मुळातच दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण त्यात गर्दी फार. यूएसबी ३ ची हार्डडिस्क शेजारी लावलेली असली तरी ते डळमळू शकतं, ती काढून बघा.

उपाय करताना काहीही पुसलं जात नाही असे आधी करायचे. पहिला रीस्टार्ट. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहे त्या अवस्थेत डिस्कवर साठवले जातात, आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. कार्डच दिसेनासं झालं असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा, त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण साठवलेली सगळी वायफाय नेटवर्कं त्यात जातात आणि ऑफिसच्या नेटवर्कशी घरून जोडणारं व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. त्याआधी पासवर्ड लिहून घ्या.

एवढ्यानेही कार्ड जागं झालं नाही, तर लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड वेगळं बसवलेलं असतं आणि तेवढंच बदलता येतं. तेही नको असेल तर बाहेरून लावायचा छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या. घेताना तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालतो ना, हे खोक्यावर वाचून घ्या.