गल्लीतले डंपर कमी करायचे तर आधी चाकं मोजा

‘डंपर बंद करा’ असा अर्ज कुठेच टिकत नाही. बांधकामं आहेत तोवर खडी येणार, मिक्सर फिरणार. आमच्या पुण्याच्या वाघोलीत तर दगडखाणी उशालाच. मागायच्या गोष्टी दोनच, ठरावीक वेळेची बंदी आणि दुसरी वाट.

त्याआधी आठवडाभर वही धरा. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, गाडी दिसली की हात आपसूक वहीकडे जातो. तारीख, वेळ, नंबर, चाकं किती, कुठून कुठे, भरलेली की रिकामी. हे शेवटचं ओळखायला शिका. भरलेल्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे दबून सपाट झालेले असतात, गतिरोधकावरून ती जपून उतरते. रिकामी सुसाट येते आणि तिचा मागचा फाळका असा आदळतो की मांडणीतली भांडी वाजतात. रात्री झोप मोडते ती बहुधा हिच्यामुळे. दहाचाकीला मालासकट 28.5 टनांची परवानगी आहे. त्यावर भरलं असेल तर 20,000 रुपये दंड, शिवाय जादा टनामागे 2,000. पण काटा लावल्याशिवाय ‘ओव्हरलोड’ हा शब्द अर्जात घालू नका.

वही भरली की गाड्या नेमक्या कुठल्या खडीच्या किंवा काँक्रीटच्या प्लँटच्या ते कळतं. आधी तिथल्या डिस्पॅचवाल्याला, म्हणजे गाड्या रवाना करणाऱ्याला भेटा. ड्रायव्हरशी भांडून उपयोग नाही, त्याचा पगार फेऱ्यांवर. वाट ठरवणारा आत बसलेला असतो.

मग अर्ज, वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना. मोटार वाहन कायद्याचं कलम 115 (वाहनांवर निर्बंध) आणि 116 (फलक) लिहा, नकाशावर पर्यायी रस्ता लाल पेनाने दाखवा. पर्याय नसेल तर साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात. सोसायटीत एक गोष्ट आधीच भांडून घ्या: फक्त शाळेच्या वेळा मागितल्या तर त्याच गाड्या रात्री येतील. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, तीही अर्जात टाका.

‘हाइट बॅरियर (उंच गाड्या अडवणारी आडवी कमान) बसवा’ म्हणणारा एक तरी भेटतोच. अग्निशमनाचा बंब कुठून येणार, एवढंच त्याला विचारा.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अर्जावर काय कार्यवाही झाली, इतकंच विचारा.

आदेश बहुतेकदा आधी तात्पुरता निघतो आणि हरकती-सूचना मागवतात. इथे लोक पेढे वाटून मोकळे होतात. प्लँटवाले मात्र मुदतीत हरकत घालतात. तुम्हीही मुदतीत पाठिंब्याची पत्रं द्या, घरटी वेगळं, आपापल्या शब्दांत. आणि प्रत्येकाच्या झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.