पार्किन्सनमध्ये तोलासाठी ताय ची: घरी कशी करून घ्यायची

ताय ची म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम. तो म्हटलं की लोक हातांकडे बघतात. आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे; मी त्यांना हात विसरायला सांगते. खरं काम पायांचं: अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर हळूहळू, लक्ष देऊन न्यायचा.

आधी डॉक्टरांना विचारा. पार्किन्सनची गोळी लागू होऊन अंग मोकळं झालं की सुरुवात करा. उठल्या उठल्या नको, एकदम उभं राहिलं की बीपी उतरून चक्कर येऊ शकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र ऊन चढायच्या आत आटपा. जमिनीवरची चादर, सतरंजी गुंडाळा. आपल्याला सोलापुरी चादरीचा कितीही अभिमान असला तरी घसटत चालणाऱ्याचा पाय तिच्यातच अडकतो. स्लिपर नको, फरशी कोरडी हवी. मागे भिंत, पुढे जड लाकडी खुर्ची, प्लास्टिकची कलंडते.

पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे जरा सैल. डाव्या पायाची टाच सहज उचलेल इतका भार उजवीकडे न्या. थांबा. मग उलट. हे जमलं की घोट्यातून थोडं पुढे, थोडं मागे झुकायचं. आमचे हे कमरेतून वाकायचे, म्हणून मी त्यांच्या पोटाशी आडवा तळहात धरते. नंतर पाऊल: भार आधी एका पायावर, मग दुसरा पुढे, टाच पहिली टेकवायची. वळताना जागच्या जागी गिरकी अजिबात नको, छोट्या पावलांनी अर्धगोल घ्या.

सोबत असणाऱ्याने कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहावं. गप्पा मारू नयेत. शेजारीण आली तर व्यायाम थांबवावा, कारण बोलताना पायावरचं लक्ष उडतं.

याने रोग बरा होत नाही. पण 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 195 रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा, तासभर, 24 आठवडे ताय ची करणाऱ्यांचा तोल वजनं घेऊन किंवा ताण देऊन व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. नुसते ताण देणाऱ्यांच्या मानाने ते पडलेही कमी. तासभर आमच्याकडे होत नाही, मध्ये खुर्चीवर बसवतेच.

बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडले तरी हेच वापरा. ओढू नका, ‘चला चला’ करू नका. भार डावीकडे, उजवीकडे हलवायला सांगा, मग पाऊल टाकू द्या.