मोडीचं पितळ विकताना आधी खोका मोजा

लातूर, नांदेडकडं भांड्यांच्या दुकानांत मोडीला आलेले पितळी डबे, तांबे, घागरी किलोवर मिळून जातात. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं की समजा, आत लोखंड आणि वर नुसता मुलामा.

ऑनलाइन विकायचं असेल तर घागरीच्या मोहात पडू नका. (आम्ही पडलो होतो.) बरेच कुरिअरवाले आकारमानही धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. तिन्ही बाजूंनी ४० सेंटिमीटरचा खोका म्हणजे १२.८ किलोचं भाडं, आत घागर ३ किलोची का असेना! त्यापेक्षा पानडबा, कुंकवाचा करंडा, लहान समई बघा.

चिंच लावून लखलखीत करू नका, हौशी गिऱ्हाइकाला ती काळपट झाकच हवी असते. तळाला कोरलेलं नाव, पोचा, डाग, सगळ्यांचे फोटो टाका. माल परत यायचं प्रमाण घटतं. आणि भाव चढवायला ‘शंभर वर्षं जुनं’ असं ठोकून देऊ नका. १९७२ च्या कायद्यानं इतकी जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो.