मायग्रेनचे ट्रिगर शोधताना या चुका टाळा (आणि आधी त्या चॉकलेटला आरोपातून सोडा)

मायग्रेनचा ट्रिगर, म्हणजे अटॅक सुरू करणारं कारण, शोधायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात आरोपी पकडून मोकळा होतो, आणि तो आरोपी बहुतेक वेळा ताटातलाच असतो. चॉकलेट, चीज, नाहीतर काल रात्री बाहेर खाल्लेलं काहीतरी. झोप, पाळी, उशिरा झालेलं जेवण, पर्समधली पेनकिलरची पाकिटं, यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कारण सरळ आहे, "मी चीज सोडलं" हे चारचौघात सांगायला बरं वाटतं, "मी रोज एका वेळेला झोपते" यात सांगण्यासारखं काय आहे!

मला अर्धशिशी कॉलेजपासून आहे. त्यामुळे नात्यात, ऑफिसात कोणी डोकं धरून बसलं की त्याला माझ्याकडे पाठवतात आणि मग मी त्यांच्या डायऱ्या वाचते, म्हणजे कधी दुखलं, काय खाल्लं, किती झोपलो याच्या नोंदी. मी डॉक्टर नाही. पण त्याच त्याच चुका वाचून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

शेवटचं जे खाल्लं त्याच्यावर खापर

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लागेल.

अटॅक डोकं दुखायला लागतं तेव्हा सुरू होत नाही. तो त्याच्या काही तास आधी, कधीकधी तर दोन दिवस आधी सुरू झालेला असतो. या काळात उगाच जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, सारखं लघवीला जावं लागतं, आणि बऱ्याच जणांना काहीतरी ठरावीक खायची, बहुतेक वेळा गोड, अनावर इच्छा होते. आता बघा काय होतं, मेंदूत अटॅक आधीच सुरू झालाय, त्यामुळे चॉकलेट खावंसं वाटलं, ते खाल्लं, तीन तासांनी डोकं ठणकायला लागलं आणि डायरीत लिहिलं "चॉकलेट!!" दोन उद्गारचिन्हांसकट. म्हणजे उलटंच झालं की. अटॅकमुळे चॉकलेट खाल्लं गेलं, चॉकलेटमुळे अटॅक आला नाही.

१९९७ साली यावर एक छान अभ्यास प्रसिद्ध झाला होता. डोकेदुखीचा त्रास असलेल्या ६३ बायकांना चॉकलेट आणि तसंच लागणारं कॅरोब (एका झाडाच्या शेंगांची पूड) दिलं, कोणतं कधी ते त्यांनाही माहीत नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. चॉकलेटने कॅरोबपेक्षा जास्त डोकी दुखली नाहीत. ज्यांना आपल्याला चॉकलेट बाधतं याची पक्की खात्री होती, त्यांच्यातही नाही. याचा अर्थ जगात कोणालाच चॉकलेट बाधत नाही असा नाही हं, पण "मला माहितीये, मला बाधतं" हा पुरावा धरायचा नाही एवढं तरी समजा.

माझी सवय अशी की खाल्ल्याची वेळ लिहिते आणि शेजारी आधी जांभया, मान, चिडचिड यातलं काही होतं का त्याची खूण करते. जांभया चॉकलेटच्या आधी आल्या असतील तर चॉकलेट निर्दोष सुटलं.

फक्त दुखलं त्या दिवशी लिहिणं

ही चूक तर प्रत्येकजण करतो. न दुखलेल्या दिवशी काय खाल्लं, किती झोपलात, हेच लिहिलं नसेल तर तुलना कशाशी करणार? रोज दही खाणाऱ्याच्या प्रत्येक अटॅकच्या आधी दही असणारच, दात घासणंही असणार. चांगल्या दिवशी दोन ओळी लिहायचा कंटाळा येत असेल तर मग डायरी नका ठेवू, पण "माझे ट्रिगर सापडले" असंही सांगत फिरू नका.

रविवारचा पिझ्झा

माझ्या मावसभावाचं डोकं दर रविवारी दुपारी दुखायचं. शनिवारी रात्री मित्रांबरोबर पिझ्झा ठरलेला, त्यामुळे त्याच्या मते केस तिथेच बंद. आधी चीज सोडलं, कारण मुरवलेल्या चीजमध्ये टायरामीन, म्हणजे मायग्रेनसाठी बदनाम असलेलं एक रसायन, असतं हे त्याने कुठेतरी वाचलेलं (असतं, ते खरं आहे). तरी रविवार आहेच. मग टोमॅटो सोडला, मग मैदा सोडला, मग बाहेरचं खाणंच बंद, मग मित्रांनी बोलवणं बंद केलं, वजन उतरलं, आणि रविवारी दुपारी हा आपला पडदे लावून अंधारात पडलेला.

मी त्याला खाण्याचं काही विचारलंच नाही, उठतोस कधी ते विचारलं. एरवी सहाला उठतो, साडेसहाला मोठा मग कॉफी. रविवारी दहाला उठतो, लोळत अकराला कॉफी, आणि पोटात अन्न थेट दुपारी. म्हणजे रोजची कॉफी चार-साडेचार तास उशिरा, झोपेची वेळ पार बदललेली, लांबलचक उपाशी पोट, आणि वरून आठवडाभराचा ताण एकदम उतरलेला. ताण वाढल्यावर अटॅक येतो हे सगळ्यांना माहीत असतं, तो उतरल्यावरही येतो हे ऐकून लोक हसतात, पण ते चांगलं अभ्यासलेलं आहे. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आडवे होणारे लोक तुम्हीही बघितले असतील.

तो म्हणाला, "अगं ताई, एवढं साधं असतं तर डॉक्टरच बोलले असते ना." डॉक्टरांना त्याने फक्त पिझ्झा सांगितला होता!

रविवारीही सहा-साडेसहाचा अलार्म, कॉफी वेळेवर, सोबत काहीतरी खायचं, मग हवं तर दुपारी थोडं पड, असं सांगितलं. चिडला, सुट्टीच्या दिवशी कोण उठतं म्हणाला, पण केलं. रविवार बरेच सुटले. शनिवारचा पिझ्झा परत आला, चीजसकट, त्याने काही झालं नाही. अटॅक अजूनही अधूनमधून येतात, मायग्रेन काही कुठे गेलेला नाही.

सगळं एकदम सोडणं

ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन), दूध, साखर, कॉफी, सगळं सोमवारपासून बंद. अशा लोकांना काय सांगावं तेच कळत नाही. बरं वाटलं तर कशामुळे ते कळणार नाही, नाही वाटलं तर पंधरा दिवसांत वैतागून सगळं परत सुरू, तेही एकदम. एका वेळी एकच गोष्ट सोडा, बाकी झोप-जेवण आहे तसंच ठेवा. किती दिवस? ते तुमच्या अटॅकवर ठरतं. महिन्यातून दोनच अटॅक येत असतील तर दोन आठवडे शांत गेले यात सिद्ध काय झालं, तसे ते एरवीही जातातच की. मी निदान महिना-दीड महिना म्हणते, त्यावर लोक तोंड वाकडं करतात. आणि नंतर ती गोष्ट परत खाऊन बघायचीच, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी. हा भाग सगळे टाळतात आणि एखादं निरपराध खाणं जन्मभरासाठी बंद होतं. लहान मुलं, गरोदर बायका, खाण्याशी आधीच भांडण असलेली माणसं, यांनी हे प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करूच नयेत.

ग्लूटेन सोडायचंच असेल तर सीलिअ‍ॅकची (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी आधी करून घ्या. सोडल्यावर केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आणि ते बोटातलं रक्त पाठवून शंभर पदार्थांची यादी आणणारे आयजीजी किट, कृपा करून नको. आयजीजी अँटीबॉडी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच, बाधतो असं नाही. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटना या टेस्टच्या विरोधात आहेत. शॉर्टकट हवा असणाऱ्यांनाच हे किट विकलं जातं.

पेनकिलर न मोजणं

डायरीत कोथिंबीरसुद्धा लिहितील, पण गोळी लिहिणार नाहीत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र पेनकिलर १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्या, म्हणजे दुखणं क्रॉनिक, कायमचं मागे लागण्याच्या वाटेवरच्या कोणाशीही मी बोलते तेव्हा खाण्याच्या आधी गोळ्या विचारते. त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून करा, कारण सोडताना पहिले काही दिवस जास्त दुखतं आणि काही गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचंही असतं.

कॉफीही झटक्यात सोडू नका. सोडल्यावर चोवीस तासांत जे डोकं धरतं त्याला लोक "डिटॉक्स" म्हणतात, ते कॅफिन नसल्याचं दुखणं आहे, आठवडाभरात जातं. थोडी थोडी कमी करा.

"परवा खाल्लं तेव्हा काही झालं नाही"

मग ते ट्रिगर नाही असं होत नाही, आणि आज झालं म्हणजे आहे असंही होत नाही. रेड वाइनचा ग्लास झोप झालेल्या दिवशी पचतो, तोच पाळीच्या आदल्या दिवशी, प्रवास करून, जेवण चुकवून घेतला की पाडतो. ट्रिगर एकावर एक साठतात. एका डॅनिश अभ्यासात तर ज्यांना प्रखर उजेडाने किंवा व्यायामाने ऑरासकट (ऑरा म्हणजे बहुतेक दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणं, मुंग्या येणं असलं काहीतरी) अटॅक येतो अशी खात्री होती अशा २७ जणांना मुद्दाम तेच करायला लावलं, ऑरासकट अटॅक आला फक्त ३ जणांना. म्हणून मी एकट्या खाण्याचा रकाना कधी वाचत नाही, त्याच ओळीतली झोप आणि पाळीची तारीख आधी बघते. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत येणारे अटॅक वेगळ्या रंगाने लिहा, त्यांचा राग जेवणावर काढू नका.

"माझं सायनसचं आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा तपासून घ्या. २००४ च्या एका अभ्यासात असं म्हणणाऱ्या जवळपास तीन हजार लोकांपैकी ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं.

ऑरा येत असेल आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आजच सांगा, दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि मिनिटभरात शिगेला पोचणारी भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं यातलं काही असेल तर डायरी बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीसुद्धा घरी बसून ट्रिगर शोधायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायची.