पैशाची चिंता देवावर सोपवायची कशी

हिशेबाची वही उघडण्याआधी बायबलमधला चिंतेविषयीचा उतारा, मत्तय ६:२५–३४, सावकाश, मोठ्याने वाचा. मग कागदावर एकच चिंता लिहा, तीही नेमकी: ‘भविष्याची काळजी’ नव्हे, तर ‘नोकरी गेली तर घरभाडं कुठून भरू?’ चिंता मोघम असली की प्रार्थनाही मोघमच होते. फिलिप्पैकरांस ४:६ प्रमाणे ती देवापुढे मांडा, आभारासह; बहुतेकांचं नेमकं तेच राहून जातं. उद्या आपल्या हातात असलेलं एक काम खाली लिहा आणि कागद मिटा.

मग देवावर सोपवलं म्हणून बचत मोडायची का? मुळीच नाही. निर्गम १६ मध्ये आज्ञा मोडून सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात, म्हणजे देवाने इस्राएली लोकांना रानात दिलेल्या अन्नात, किडे पडले, पण सहाव्या दिवशी आज्ञेप्रमाणे दुप्पट गोळा केलेला टिकला. लूक १२ मधल्या येशूच्या दाखल्यात एक श्रीमंत मोठी कोठारं बांधून सगळं धान्य साठवायचं ठरवतो; त्याचंही तसंच. पीक भरपूर आलं हा त्याचा दोष नव्हता. त्याच्या बोलण्यात सगळं ‘माझं’ होतं, देव कुठेच नव्हता. म्हणून मिळकत हाती येताच दानाचा वाटा आधी बाजूला काढा. महिनाअखेरीस देऊ म्हटलं की काही उरत नाही.

देवाशी सौदा मात्र नको. ‘मी दिलं, आता तू दे’ हा विश्वास नव्हे, व्यवहार झाला.

चिंता दुसऱ्या दिवशी परत येतेच. तोच कागद काढून पुन्हा मांडा. नवा लिहीत बसू नका.